दुसरी ओळ

गुरुजी, आज नाशिकच्या कोर्टात धाकट्याच्या शेजारी उभा होतो आणि तुमची आठवण झाली. धाकटा म्हणजे माझा भाऊ, शाळेत माझ्या दोन इयत्ता मागे असलेला, थुंकी लावून पाटी पुसणारा. हरसूलकडच्या त्या एकाच खोलीत चारी वर्ग भरायचे आणि एका वर्गाची कविता बाकीच्यांनाही पाठ व्हायची. ती खोली मला अजून दिसते. तुम्ही खिडकीशी उभे आहात, डोळे मिटलेले, बोटांनी ताल धरलेला, आणि बाहेरून जाणाऱ्या बैलाच्या घुंगरांनी ताल मोडला की तुम्ही त्या बैलावरही रागावता.

मारामारी झाली तर तुम्ही छडी घेत नव्हता. दोघांना समोरासमोर उभं करायचात. ज्यानं मारलं त्यानं तुम्हीच रचलेल्या कवितेची पहिली ओळ म्हणायची, ज्याला लागलं त्यानं दुसरी. ‘माझं चुकलं’ हे शब्द आमच्याकडे कुणाच्या ओठांवर येत नसत, ते तुम्ही जाणून होता. दुसरी ओळ आली की भांडण मिटलं. नाही आली, तर मारणाऱ्यानं पुन्हा पहिली म्हणायची. एकदा फुटलेल्या गुडघ्याच्या रागात मी गप्प राहिलो. धाकटा तीच ओळ म्हणून म्हणून रडायला लागला, तेव्हा तुम्ही मला एवढंच म्हणालात, “अरे, तो दारात उभा आहे. उघड नाहीतर जा म्हण. पण ताटकळत ठेवू नकोस.”

पुढे नोकरीमुळे मी नाशकात आलो, इंदिरानगरला घर केलं. धाकटा गावी शेतीवर राहिला. निवृत्त झाल्यावर मला गावाची ओढ लागली आणि आमच्या सामाईक विहिरीजवळ मी आंब्याची कलमं लावली. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. एका वर्षी विहीर लवकर तळाला गेली. त्याचे टोमॅटो माना टाकत होते, आणि माझी पाळी म्हणून मी पाणी कलमांकडे वळवलं. “दादा, तुझी झाडं हौसेची हायेत, माझं पीक पोटाचं हाय,” तो म्हणाला. मी म्हणालो, “पाळी म्हणजे पाळी.” त्याच्या हातात फावडं होतं. दांडा माझ्या डाव्या मनगटावर बसला आणि हाड मोडलं. हात गळ्यात बांधूनच मी पोलिसांत फिर्याद दिली. तेव्हापासून आमच्यात एक शब्द नाही.

तारखा पडत गेल्या. माझी साक्ष जवळ आली तशी आमच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, दोघांना देवळाली कॅम्पला आपल्या घरी बोलावलं. चहा ठेवला आणि मला म्हणाली, “तू खरं सांगशील, आणि खरं सांगितलंस की हा आत जाईल. मग राखी काय मी तुरुंगाच्या गजांतून बांधू?” धाकटा भिंतीकडे पाहत होता. विहिरीचं पाणीही तिनंच वाटून दिलं: विहीर भरलेली असेतो पाळ्या, तळाला गेली की आधी पीक आणि उरलं तर कलमं. “याला सांग, मला चालेल,” मी ताईला म्हणालो. “त्याला सांग, मलाबी,” तो म्हणाला. ताई म्हणाली, “मी काय पोस्टमन आहे?” पण दोघांचे निरोप पोचवत राहिली. वकिलांनी समजावलं, हाड मोडलेलं असल्यानं नुसतं घरात मिटवून भागत नाही, न्यायाधीशांची परवानगी लागते.

म्हणून आज कोर्ट. न्यायाधीश बाई आमच्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, “आजोबा, कुणाचा दबाव नाही ना? मनापासून मिटवताय?” मी हो म्हणालो. “आता काही तक्रार?” नाही म्हणालो. मग धाकट्याकडे वळून, “पुन्हा असं होणार नाही ना?” तो म्हणाला, “आता फावडं उचलवत नाय साहेब, मारतो कुठला?” कारकून हसला, बाईंनीही हसू लपवायला मान खाली घातली. तडजोड मान्य झाली. धाकटा निर्दोष सुटला.

हे ‘निर्दोष’ मात्र त्याला पचलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं वकिलांना विचारलं, “म्हणजे मी मारलंच नाय, असं झालं का?” वकील घाईत होते. “कायद्यानं तसंच समजा काका, खटला संपला,” म्हणाले आणि पुढच्या पुकाऱ्याला गेले. ताई चहा सांगायला गेली होती. बाकावर आम्ही दोघंच उरलो. धाकटा टोपी हातात घेऊन ती उलटीपालटी करत राहिला. मग माझ्याकडे न बघता, घोगऱ्या आवाजात, पण चाल अगदी तुमची:

डोंगरातून ओहळ आला, अडला दगडापाशी...

आणि थांबला. गुरुजी, इतक्या वर्षांत त्यानं माझ्याशी काढलेले हे पहिले शब्द. कोर्टानं त्याला सोडलं होतं, पण ज्याची त्याला गरज होती ते कोर्टाकडे नव्हतंच. माझं मनगट ठणकत होतं, थंडीत ठणकतं. थोडं थांबून त्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली. मी म्हणालो, “पुढचं आठवत नाही रे आता. वय झालं.” तो म्हणाला, “व्हय, लय वर्षं झाली,” आणि टोपी घातली. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

गावाकडची बस त्याला घेऊन गेली. मी घरी येऊन हे लिहायला बसलो. पाठवायचं कुठं, तुमची शाळासुद्धा आता त्या जागी नाही. तुम्ही इथं असतात तर माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंत, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळ मला येत होती.

दगड म्हणाला, जा रे पुढे, बोलून जा माझ्याशी.