भरकटलेल्या तळटिपा

३ मार्च, सोमवार

चाळीसनंतर सात! मग एकेचाळीस. मग आठ. ह्यांनी आयुष्यभर पाणीखात्यात आकडे नोंदवले, आणि स्वतःच्या पुस्तकात तळटिपांना आकडे असे लावून गेले.

प्रकाशकबाईंचा फोन होता. "काकू, वर टाकीची उंची लिहिलीय, आणि टीप बघायला खाली गेले तर साहेबांचा बूट! पुढच्या सोमवारपर्यंत जुळवून द्या. नाहीतर टिपा काढून टाकू. मूळ मजकूर पुरेसा आहे."

पुरेसा आहे म्हणे! मी वाचलाय तो मूळ मजकूर. शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास — नळांच्या व्यासासकट. माया कितीही असली तरी तिसऱ्या पानावर माझा डोळा लागतो. हे जे बोलायचे, ज्यावर मी हसायचे, ते सगळं खाली टिपांत आहे. त्या गेल्या तर उरलं काय? नळ.

४ मार्च

भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ; सल्ला द्यायला सगळ्यांत थोरले.

"वहिनी, टिपा वाचतं कोण? काढून टाका, सुटाल."

"तुमच्यावरही एक आहे."

"काय लिहिलंय दादानं?"

"काढून टाकायचीय ना? मग चौकशी कशाला?"

दुसरा चहा मागून घेतला. जाताना दारात — "जमलं तर बघा जुळवून."

५ मार्च

लेकीला फोन केला. "आई, सोपं आहे गं. सगळं सिलेक्ट कर आणि अपडेट दाब. मीटिंग आहे, ठेवते."

केलं. सात जागचा हलला नाही. सोपं आहे म्हणणाऱ्या माणसांना एक दिवस माझ्या खुर्चीत बसवायला हवं.

६ मार्च

दुखणं सापडलं! ह्यातल्या बऱ्याच टिपा मुळात तळटिपा नाहीतच.

खरी रीत अशी की आकडा कॉम्प्युटरनं घालायचा. मधे नवी टीप आली की पुढच्यांनी मुकाट्यानं एकेक घर सरकायचं. ह्यांना तो आगाऊपणा वाटला. चांगलं आठवतंय, ह्याच खुर्चीतून ओरडले होते, "मी बारा लिहिलं, ह्यानं तेरा केलं! हा कोण मला शिकवणार?" त्या दिवसापासून आकडा स्वतः टाइप करायचा, एंटर मारत मारत पानाच्या तळाशी जायचं, डॅश दाबून दाबून रेघ ओढायची आणि तिच्याखाली टीप लिहायची. दिसायला हुबेहूब. लेक सुट्टीला आली की ती काही टिपा रीतसर घालून द्यायची. ती गेली की पुन्हा ह्यांचं हातकाम. म्हणून दोन तऱ्हांचे आकडे, एकमेकांशी अबोला धरलेले.

प्रकाशकबाईंनी अक्षर मोठं केलं, तशा ह्यांच्या रेघा घरंगळत पानांच्या मधोमध येऊन बसल्या. न सांगता आलेल्या पाहुण्यांसारख्या.

नवऱ्याशी भांडायला तो समोर लागतो. ही फार मोठी गैरसोय आहे.

७ मार्च

हात बसला. टीप उचलायची, ज्या शब्दाची असेल त्याच्यापुढे कर्सर न्यायचा, 'तळटीप घाला' दाबायचं, चिकटवायची, जुना आकडा आणि ह्यांची रेघ पुसायची. रेघ पुसताना दर वेळी हात अडतो. डॅशच आहेत. पण एकेक ह्यांनी दाबलेला.

आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही, वाचूनच कुठली कुठे ते ठरवायचं. "उद्घाटनाला साहेब वाकले आणि त्यांचा बूट टाकीत पडला. शहर आठवडाभर तेच पाणी प्यालं. तक्रार फक्त साहेबांची आली." ही टाकीच्या प्रकरणात. "नळ इथून सरळ जायचा होता, पण कंत्राटदाराच्या सासूची बाग आड आली." ही नकाशाच्या वळणावर. आणि भाऊजींची — "झडप बंद आहे की उघडी, हे माझ्या धाकट्या भावानं तोंड जवळ नेऊन पाहिलं. उघडी होती."

मोठ्यानं हसले. मग घर फारच गप्प वाटलं. उगाच भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

९ मार्च, रविवार

एक उरली. विहिरींच्या प्रकरणाजवळ सुटी पडलेली, आकड्याशिवाय. "हे असंच होतं का, हिला विचारणे."

कसलं? कुठल्या वाक्याचं? प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं. विचारायचं होतं ना मग! मी कुठे परगावी होते? आत स्वयंपाकघरात होते.

जागा सापडली नाही. प्रकरणाच्या शेवटच्या शब्दावर टांगून ठेवली. पुसणार नाही.

१० मार्च

फाईल पाठवली. सगळे आकडे ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे. कुणी बघितलं तर ह्यांचं काम म्हणून ओळखणार नाही.

भाऊजींना फोन करून त्यांची टीप वाचून दाखवली. "खोटारडा होता दादा," म्हणाले. मग ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

१४ मार्च

प्रकाशकबाई — "काकू, आम्ही ऑफिसात टिपा मोठ्यानं वाचल्या हो! नुसत्या टिपांचंच पुस्तक करू या का? वरचा मजकूर नको. आकडेही नकोत."

निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ह्यांनी त्या वरच्या मजकुरात घातली.

मी हो म्हणायला श्वाससुद्धा घेतला नाही.