केशरी बेलबॉटम

३ मार्च
निश्चय: बेलबॉटम शिवणार. स्वतः. केशरी.
लेकीच्या तोंडून फोनवर निसटलं की महिनाअखेरीस आईच्या टेलरिंगच्या दुकानाचं ओपनिंग आहे. मला बोलावणं नाही. बरोबरच आहे, घरच्या माणसाला कुणी बोलावणं धाडतं का? ही गेल्या पावसाळ्यापासून बहिणीकडे आहे. चेंज म्हणून. जाताना शिवणयंत्र इथेच ठेवून गेली. कायमची जाणारी बाई यंत्र ठेवून जाईल का? लेकीला हे विचारलं तर ती म्हणाली, बाबा, झोपा आता. दुपारचे चार वाजले होते.
ही लग्नाआधी एका टेलरकडे काज-बटणं करायची. मी केशरी बेलबॉटम आणि हातभर कॉलरचा शर्ट घालून त्या दुकानात शिरलो आणि ही खळखळून हसली. त्या हसण्यावर आमचं लग्न झालं. आता तशाच अवतारात तिच्या दुकानात शिरायचं. ती हसेल. मग घरी यायचं बोलू.

५ मार्च
कापड आणलं. दुकानदाराने विचारलं, सोफ्याला का? रसिकता सगळ्यांना नसते.
कंबर मोजली नाही. गरजच नाही. चौतीस. आमच्या लग्नातली करडी पँट मी आजही घालतो आणि बटण सहज लागतं. व्यायाम नाही, पथ्य नाही. काही माणसांची हाडंच वेगळी! हिला हे मी दर लग्नकार्याला ऐकवायचो. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहायची. कौतुक करणं हिच्या स्वभावातच नाही.

६ मार्च
कापड कापलं. आयुष्यभर कारखान्यात मालाची तपासणी केली आहे. केसाइतका फरक दिसला की माल परत. घरातही तेच. भाजीतलं मीठ, चादरीची घडी, हिच्या हातची शिवण, सगळं नजरेखालून घालायचो. चुका दाखवल्याशिवाय माणूस सुधारत नाही.
रेघेवरून तंतोतंत कात्री चालवली. रेघेबाहेर कापड सोडणं म्हणजे नासाडी.

६ मार्च, संध्याकाळ
दोन्ही पाय डावे निघाले. कापडात दोष असणार.

९ मार्च
पुन्हा कापड आणलं. दुकानदार म्हणाला, सोफा बराच मोठा दिसतोय.

११ मार्च
बॉबिनमधला दोरा वर येईना. शेवटी हिला फोन केला. किती महिन्यांनी! तिने दोरा कसा ओढायचा ते नीट सांगितलं. मी काय शिवतोय हे सरप्राइज ठेवलं. एक पँट, इतकंच बोललो.
फोन ठेवताना तिने एकदम विचारलं, माया ठेवलीय ना?
ही बाई असं कधी बोलत नाही. मी म्हणालो, होती तेवढीच आहे, तसूभरही कमी केली नाही.
ती म्हणाली, मग झालं कल्याण. आणि फोन ठेवला.
कल्याण! आता शंकाच नको.

१६ मार्च
ट्रायल घेतली. हूक चार बोटं लांब राहतो. नवं कापड आकसतं. शिवाय त्या काळची फॅशन अंगाबरोबरच असायची. वरून रुंद पट्टा लावला की हूक कुणाला दिसतोय?
बसता येत नाही. ओपनिंगला कोण बसतं?

२० मार्च
शर्ट झाला. कॉलरचं एक टोक खांद्यावर पडतं, दुसरं आकाशाकडे बघतं. इस्त्रीने वठणीवर येईल.
शेजारचे रिटायर्ड मास्तर कपडे बघून म्हणाले, बँडमध्ये लागलात का? जळतात बिचारे. त्यांची बायको घरीच आहे, पण दोघं एका शब्दाने बोलत नाहीत. आमचं तसं नाही. आमची माया आहे.

२६ मार्च
आरशासमोर चालण्याची प्रॅक्टिस. कॉन्फिडन्स शंभर टक्के. श्वास मात्र अर्धाच घेता येतो.
हिचं कपाट पुसून ठेवलं. शिवणयंत्रापुढची खुर्ची सारखी केली. उशीचा अभ्रा बदलला.

३० मार्च, सकाळ
निघतोय. भेट म्हणून हिचं जुनं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं टोपण, घेतलंय; यंत्राच्या खणात राहिलं होतं. बसमध्ये उभा राहूनच जाणार.

३० मार्च, दुपार
गेलो. दुकान छान आहे. तीन नवी यंत्रं. मी दारात उभा राहिलो आणि सगळे वळून बघायला लागले. ही पुढे आली आणि म्हणाली, या. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.
खिशातून अंगुस्तान काढताना ते हातातून सुटलं आणि टेबलाखाली गेलं. मी वाकलो. टर्रकन आवाज झाला. मागची शिवण पट्ट्यापासून खालपर्यंत गेली.
सगळं दुकान हसलं. मेहुणी तर भिंतीला टेकून हसली. लेकीने डोळ्यांवर हात धरला. एकटी ही हसली नाही.
तिने मला पडद्यामागे नेलं, गुंडाळायला अस्तराचं कापड दिलं, बेलबॉटम मागून घेतली आणि उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं. म्हणाली, माया ठेवलीच नाहीत. मी फोनवर विचारलं होतं.
शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला टेलर लोक माया म्हणतात. ती कापडाचं विचारत होती.
म्हणाली, ह्यात आता काही करता येणार नाही. रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.
मी विचारलं, घरी कधी येतेस? तिने बेलबॉटमची व्यवस्थित घडी घातली. म्हणाली, ते यंत्र कुणा गरजूला देऊन टाका.
कुणीतरी न नेलेली एक पँट तिने फळीवरून काढली. मी म्हणालो, चौतीस लागेल. तिने मोजलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. अडतीसची दिली. बरोबर बसली.

३१ मार्च
अडतीसची पँट कशी बसली हे डोक्यातून जाईना. लग्नातली करडी पँट काढली. उलटी केली. आयुष्यभर ती फक्त सुलट बाजूने बघितली होती.
आत मागच्या शिवणीला सुईच्या जुन्या भोकांची एक ओळ आहे. तिच्या बाहेर दुसरी. मग तिसरी, चौथी. मी सुटत गेलो तशी ती गुपचूप शिवण उसवून पँट वाढवत गेली. एकदाही बोलली नाही. मी हाडांचं कौतुक सांगत राहिलो.
खूप रडलो. इथे कोण वाचतंय.
आता टेपने कंबर मोजली. अडतीस.
शेवटची टीप कापडाच्या अगदी काठावर आहे. त्यापुढे माया उरलेली नाही.