डेकवरची सिंगल बेल

प्रिय आई,

(मुक्काम पोस्ट : जिथं कुठं तुझी ड्युटी लागली असेल तिथं)

मी आत्ता भूमच्या स्टँडवर बसलेय. सुट्टीवर आलेय. पप्पा मोटारसायकल घेऊन निघालेत, ते येईपर्यंत वेळ आहे. आत्ताच समोर एक गाडी मागं घेतली. मागं उभं राहून एक कंडक्टरबाई शिट्टी फुंकत होत्या, थेट तुझ्यासारख्या एक हात कमरेवर ठेवून. मग मला राहवतंय होय? बॅगेतून कागद काढला आणि बसले लिहायला.

आई, मी हेलिकॉप्टर परत पाठवलं! एकदा नाही, दोनदा! पप्पांनाही अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

थांब, नीट सांगते. नौदलात मी नेमकं काय करते हे तुला शेवटपर्यंत समजावता आलं नाही. तू गल्लीभर सांगायचीस, "आमची शीतल जहाजावर इमानाचं काम बगती." मी चिडायचे, आणि तू तेच पुन्हा सांगायचीस. आता ऐक.

आमच्या जहाजाच्या मागच्या टोकाला एक मोकळी जागा असते, तिला आम्ही डेक म्हणतो. आपल्या घरापुढच्या अंगणाहून थोडीशी मोठी. तिथं हेलिकॉप्टर उतरवायचं. भूमच्या मैदानात प्रचाराला हेलिकॉप्टर यायचं, तेव्हा मैदान निदान जागेवर तरी असायचं. इथं जमीनच वर येते, खाली जाते, डावी-उजवीकडं कलते. समोर लोखंडी भिंत, फिरणारी पाती तिच्या जवळ. वारा त्या भिंतीला आपटून कसाही गरगरतो. एक चाक आधी टेकलं आणि नेमकं तेव्हाच जहाज कललं, तर हेलिकॉप्टर आडवं पडतं, पात्यांचे तुकडे होऊन उडतात. आणि ते उतरताक्षणी साखळ्यांनी बांधायला आमची पोरं शेजारीच उभी असतात.

पायलटला त्याच्या पोटाखालचं दिसत नाही. पाठीमागचंही दिसत नाही. म्हणून डेकवर त्याच्याकडं तोंड करून एक माणूस उभा असतो, हाताच्या खुणांनी सांगत. पुढं ये, थोडा डावीकडं, आता टेकव. तो माणूस म्हणजे मी! कळलं ना आता? मी गाडी चालवत नाही गं, मी गाडीची कंडक्टर आहे!

तुझी शिट्टी माझ्याकडंच आहे. पण डेकवर जाताना कपाटात ठेवून जाते. हेलिकॉप्टर यायच्या आधी आम्ही सगळे ओळीनं, खाली मान घालून डेकवरून चालतो. एखादा नट, सुतळीचा तुकडा, काहीही राहिलं तर ते उडून इंजिनात जायची भीती. खिसेसुद्धा रिकामे करावे लागतात. तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्या आवाजात ती ऐकू आलीच नसती.

तर त्या दिवशी दर्या खवळलेला. लांबच्या एका मालवाहू जहाजावरून आजारी खलाशाला घेऊन हेलिकॉप्टर परत येत होतं. पायलट आमचे सर, वयानं, हुद्द्यानं मोठे. मी पहिल्यांदाच एकटी जबाबदारीवर होते. पहिल्या वेळी ते अगदी डेकच्या डोक्यावर आले आणि जहाज कललं. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. म्हणजे उतरू नका, वर जा. या खुणेवर चर्चा नसते. ते वर गेले.

दुसऱ्या वेळी डेक शांत होता. सगळ्यांना शांत दिसत होता, सरांनाही. पण त्यांच्या पाठीमागून एक मोठी लाट येत होती. त्यांच्या पाठीमागून, म्हणजे माझ्या समोरून. चाकं टेकायला थोडंच अंतर राहिलेलं. आजारी माणूस आत, इंधन संपत आलेलं, उतरायला जवळ दुसरं जहाज नाही. पुन्हा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदाही जमलं नाही तर? आणि माझाच अंदाज चुकला असेल तर?

आई, तेव्हा मला काय आठवलं सांगू? परंड्याच्या गाडीतली तू. ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललेलं, आणि तू सिंगल बेल मारलीस. टण. स्टिअरिंगवरच्या सय्यदमामांनी गाडी जागेवर उभी केली. गाडीतले लोक किती बोलले तुला! पाणी घोट्याएवढंच आहे म्हणाले, बाईमाणूस घाबरली म्हणाले. तू दारात उभी राहून सांगितलंस, "पाणी उतरल्याबिगर गाडी हलायची न्हाय. कुणाला लईच घाई आसंल, त्यानं पवत जावं." पाणी खरंच किती होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तू कुणाला कळूच दिलं नाहीस!

मी हात वर नेले. फुली. सर वर गेले, आणि लाट आली. डेकचं टोक असं उचललं गेलं की साखळ्या धरलेली पोरं गुडघ्यावर बसली. चाकं नेमकी तिथं टेकणार होती.

तिसऱ्या वेळी मी वाट बघितली. लाटांच्या मधे थोडी उसंत मिळते, ती आली आणि मी हात खाली केले. टेकलं! पोरं वाकून पळाली, साखळ्या बसल्या. आणि मी हसत होते! तू बघायला हवी होतीस. का गेलीस गं इतक्या घाईनं? माझ्यासाठी तर कधी घाई केली नाहीस. गाडी धरायला मी पळत यायचे तेव्हा दिसूनसुद्धा डबल बेल मारून गाडी सोडायचीस, पोटच्या पोरीला धूळ खायला लावायचीस!

थोड्या वेळानं सर उतरून माझ्याकडं आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आपले सय्यदमामा रोज सकाळी डेपोत चहाचा कप खाली ठेवून तुला काय विचारायचे, आठवतं? "बाई, आज गाडीवर तुमीच ना?" तू हो म्हटलंस की मगच ते स्टिअरिंगवर बसायचे.

सरांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि विचारलं, "कल भी डेक पर तुम ही हो ना?"

मी हो म्हटलं. मग एका बाजूला जाऊन रडले. आनंदानं, आई.

पप्पांची मोटारसायकल गेटातून आत येताना दिसतेय, आटोपते. शब्द देते तुला. वर कितीही मोठा माणूस असो, किती का घाई असो, मनात शंका आली की माझे हात वर जातील. लोक बोलले तर बोलू देत.

तुझीच गाडीवरची,
शीतल