साबणाचा तिसरा घाणा

जठारपेठ, अकोला
तान्हा पोळा

आदरणीय बेबीताईस,

धाकट्या देवरावचा अकोल्याहून मनापासून जयभीम. तुझा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला अचलपूरच्या हवेनं गेला, की त्यांनी बिडी सोडल्यामुळे? (सोडली असेल तर.) पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस आणि ही हकीकत दोन वाक्यांची नाही. तर ताई, तुझ्या भावानं घरी साबण बनवला. भांड्यांचा नाही, अंगाला लावायचा.

आता भाऊजी हसतील. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं बाटल्या धुतल्या असं ते चारचौघांत सांगतात. धुतल्या, नाही म्हणत नाही. पण त्या बाटल्यांत काय होतं आणि ते कशात ओतलं म्हणजे काय होतं, हे नव्या मास्तरांना मीच सांगत असे. मार्चअखेर शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो आणि पंधरा दिवस नुसता कूलरसमोर बसून राहिलो. तेव्हा पहिल्यांदा तुझ्या भावजयीचे, ज्योत्स्नाचे, हात नीट पाहिले.

तुला माहीतच आहे, ती वार्डात सिस्टर. दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचे, वरून ते स्पिरिटचं पाणी. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. एके दिवशी ती भाकरी चमच्यानं खाऊन राहिली होती, ताई! ठेच्याची आग होते म्हणून. मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाली, "झाले असतीन चार वर्षं." चार वर्षं आम्ही ताटाला ताट लावून जेवतो, आणि मला पत्ता नाही. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. सकाळी उठून कॉस्टिक सोडा आणायला निघालो.

दुकानदारानं विचारलं, "नाली जाम झाली काय?" मी म्हटलं, साबण करायचाय. त्यानं मला पिशवी दिली, पण जरा लांबूनच. गच्चीवर सगळी मांडणी केली. डोळ्यांवर प्रयोगशाळेतला जुना चष्मा, हातांत रबरी मोजे. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, हे मी हजारो पोरांना ओरडून सांगितलंय आणि तसंच केलं. फक्त एक चूक झाली. भांडं म्हणून गंज घेतला, तो अॅल्युमिनियमचा. (कॉस्टिक आणि अॅल्युमिनियमचं पटत नाही हे अकरावीच्या पोरालाही येतं. मलाही येतं. पण स्वयंपाकघरात हात घातल्यावर जे भांडं आधी लागलं ते घेतलं.) गंज फसफसला, काळा पडला आणि बघता बघता बुडाला भोक पडून सगळा माल गच्चीवर. मी दोन बादल्या पाणी ओतून गच्ची धुतली. तिथली फरशी आज घरातली सर्वांत स्वच्छ फरशी आहे, हेही नमूद करतो.

दुसरा घाणा स्टीलच्या पातेल्यात. या वेळी मी उदार झालो. त्वचेला जे जे थंड म्हणून ऐकलं होतं ते सगळं घातलं: कोरफड, कडुनिंबाचा पाला, मुलतानी माती, मध, ताक आणि शेवटी मूठभर हळद. हळद पडताच सगळं लालभडक! (हेही मला माहीत असायला हवं होतं. कॉस्टिकसारख्या अल्कलीत हळद लाल होते, आम्ही हळदीच्या कागदानं हेच तर तपासायचो.) नेमके तेव्हाच शेजारचे डोमाजी पापड वाळवायला वर आले. पातेलं पाहिलं, माझा चष्मा पाहिला, मोजे पाहिले आणि म्हणाले, "देवराव, बकरं कापलं काय गा?" पापड न घालताच खाली गेले.

तो साबण घट्ट झालाच नाही. वर ताकाचा वास. तरीही दहा दिवसांनी मी तो आधी स्वतःच्या पोटावर लावून पाहिला, कारण ज्योत्स्नाच्या हातांवर प्रयोग करणाऱ्यांतला मी नाही. पोटावर पापडाएवढा लाल चट्टा उठला. मेच्या उन्हात मी दोन दिवस घरात बंडीवर सदरा घालून फिरलो. सिस्टरपासून काय लपतं? तिनं सदरा वर केला, चट्टा पाहिला आणि म्हणाली, "काहून असे धंदे करून राहिले तुमी? वार्डात पेशंट कमी हायेत काय?" मग मी खरं सांगितलं, कोणासाठी ते. ती माझ्या पोटाला मलम लावत राहिली, तेही त्याच भेगाळलेल्या बोटांनी.

ताई, तिसरा घाणा मात्र मी डोकं ठिकाणावर ठेवून केला. खोबरेल, तिळाचं तेल, थोडं एरंडेल, कोरफडीचा गर. बस. सगळं वजन करून, कॉस्टिक जरा कमीच. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ओतला, वड्या कापल्या आणि आतल्या खोलीतल्या बाजेवर सहा आठवडे वाळवल्या. (त्या दिवसांत पाहुणे आले असते तर त्यांना खाली निजावं लागलं असतं.) दर आठवड्याला लिटमस लावून पाहिला, आणि शेवटी पंधरा दिवस स्वतः त्यानंच अंघोळ केली. चट्टा नाही, खाज नाही.

मग एक वडी बेसिनवर ठेवली आणि तोंडातून शब्द काढला नाही. तीन दिवस ती कोरडीच. चौथ्या दिवशी ज्योत्स्ना ड्युटीवरून आली, हात धुतले. मी नंतर जाऊन पाहिलं तर वडी ओली होती. ताई, निरोप समारंभात प्राचार्यांनी माझ्यावर दहा मिनिटं भाषण केलं, तेव्हाही जे वाटलं नव्हतं, ते मला त्या ओल्या वडीकडे पाहून वाटलं. पुढच्या आठवड्यात वडी बेसिनवरून गायब! शोधशोध केली, तर ती तिच्या डब्याच्या पिशवीत, एका डबीत. वार्डात नेते म्हणे. बाकीच्या सिस्टरही मागून राहिल्या म्हणे. भाऊजींना सांग, बाटल्या धुणाऱ्यानं बनवलेला साबण आता सरकारी दवाखान्यात चालतो.

तुझा भाऊ,
देवराव

ता. क. १: सहा वड्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय. हिरवट दिसतात, पण बुरशी नाही, कोरफड आहे.

ता. क. २: वड्या भाऊजींसमोर उघड्या ठेवू नकोस, पिस्त्याची बर्फी समजतील.

ता. क. ३: हे तेवढं मोठ्यानं वाचू नकोस. सवड काढून आठ दिवस इकडे ये. हात खरोखर बरे झाले का, हे मी ज्योत्स्नाला रोज विचारतो आणि ती रोज "हो" म्हणते. चार वर्षं तिनं मला पत्ता लागू दिला नाही, तेव्हा तिच्या "हो"वर माझा भरवसा नाही. तुला ती खरं सांगते. तेवढं विचारून मला कळव.

ताई, जयभीम. पाकीट चिकटवाले यायनं मलेच देल्लं, म्हनून लिहून राहिली. हात खरंच बरे हायेत. साबनानं झाले का वार्डातल्या डॉक्टरीनबाईच्या मलमानं, मले बी मालूम नाई, दोनी संगच चालू होतं. तुमी त्यायले साबनानंच झाले म्हनून सांगजा.
— ज्योत्स्ना