बबिताचा पत्ता पुसताना

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
दुकानात नवा कॉम्प्युटर आला! जुन्याने गावाचे अर्ज, दाखले, फोटो निमूट ओढले. बयाबाई दारात आली — "केरबा, जुनं मशीन मला दी. लेकीच्या पोराला शिकाया." मी लगेच हो म्हणालो.

जेवताना घास हातातच राहिला. बयाबाई म्हणजे बजरंगची आई! त्याचा मार खाऊन खाऊन बबिता, त्याची बायको, वैशाखात घर सोडून गेली. नव्या खोलीचा भाडेकरार घेऊन ती माझ्याकडेच आली होती, बँकेत पत्ता बदलायला. "भाऊ, कुनाला बोलू नका." तो कागद त्याच मशीनमध्ये आहे. आणि बजरंग तिला अजून शोधतोय.

४ नोव्हेंबर
दिलेला शब्द फिरवायचा? जमणार नाही. मशीनच स्वच्छ करून देतो.

सगळं डिलीट केलं, मशीनमधली कचरापेटीही रिकामी केली. भजनं तेवढी ठेवली. रिकामं भांडं कुणाच्या हाती देऊ नये, असं आई म्हणायची.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा
पुतण्या सुहास आला. तळेगावला कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. "काका, लय भारी पुसलंत!" म्हणत त्याने कसलासा प्रोग्रॅम लावला. चहा होईस्तोवर बबिता पडद्यावर! आधारवरचा तोच घाबरलेला चेहरा, खाली भाडेकरार.

"तुम्ही पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडली, काका. धडे आत तसेच आहेत."

"मग करायचं काय?"

"पानापानावर शून्यं गिरवायची. पण तुमची भजनंही जातील हं."

"जाऊ देत. देवाला पाठ आहेत."

दिवसभर मशीन गुरगुरत होतं. संध्याकाळी सुहासने पुन्हा शोधून पाहिलं. एक अक्षर नाही! मग कुठे भैरोबापुढे दिवा लावला. सुहासने विंडोज नव्याने घातलं, भजनं मी मोबाईलवरून परत भरली. रिकामं देववेना.

६ नोव्हेंबर
मशीन पोचवलं. बजरंग ओट्यावर होता. रामराम घातला नाही. नजर मशीनवरच.

७ नोव्हेंबर
माउस द्यायचा राहिला होता, म्हणून सकाळी गेलो. बजरंग कामावर गेलेला. मागच्या परड्यात मशीन पडलं होतं — ठेचून ठेचून चुरा! शेजारी पाटा-वरवंट्यातला वरवंटा. बयाबाई धापा टाकत बसलेली.

"मावशी! हे बजरंगनं केलं?"

"न्हाई. मीच."

"अहो, सगळं पुसून दिलं होतं मी."

"मला काय ठावं त्यातलं? बबिताचा पत्ता त्यात घावंल म्हनून तो तुज्याकडनं नेनार व्हता, तवा मी आदी मागितलं." मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बबिता गेली ना... त्या दिशी मागल्या दाराची कडी मीच काढलती."