चौथ्या तुकड्यावर जोर

४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्रास कारण म्हणजे निव्वळ संताप. अकरा वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत यंत्र चालवते, पण कागदोपत्री अजून सफाईवालीच. आता सहायकाची जागा निघालीय. वीस तारखेला मुलाखत. परवा नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर यंत्राचं नाव विचारलं. माझ्या तोंडून निघालं, पेस्ट्रोफोटोमोटर. तेव्हापासून मी मोटरबाई! पाण्याच्या रंगावरून त्यात काय किती मिसळलंय, ते यंत्र सांगतं आणि मला ते झोपेतही वाचता येतं. नाव तेवढं जिभेवर ठरत नाही. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, काहीतरी सुचव.
लोभ आहेच, सध्या त्यात थोडी घाई मिसळ.
तुझी धाकटी

८ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
एवढा मोठा शब्द सबंध गिळू नये. तुकडे कर: स्पेक्-ट्रो-फ-टॉ-मि-टर. झाले सहा. जोर चौथ्यावर. ‘टॉ’वर पाय रोव, पुढचे दोन आपोआप घरंगळतात. फोटो आणि मीटर तुला सुटे माहीत आहेत, म्हणून जीभ तिकडे ओढ घेते. एकत्र आले की त्यांचा आवाज बदलतो. भाजी चिरताना म्हणत जा. सोपं आहे गं!
आशीर्वाद आहेतच, कंटाळा करू नये.
तुझी ताई

१३ जून
ती. ताईस,
सा. न.
चौथ्या तुकड्याला सुरी आपटते. हे विचारतात, दुधीनं काय घोडं मारलंय? तरी जोर पाचव्यावरच पडतो. आणि सोपं म्हणू नकोस. तू कॉलेजात गेलीस, तेव्हा मी शाळा सोडून आईच्या उशाशी बसले. तुला सोपं असणारच.
धाकटी

१६ जून
चि. धाकटीस,
तुझं पत्र चारदा वाचलं. ‘सोपं’ हा शब्द मागे घेते. रोज संध्याकाळी सातला फोन कर, न चिडता ऐकेन.
ताई

२२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मुलाखतीत शब्द बरोबर म्हटला, जोर ‘टॉ’वरच. तर साहेब हसून म्हणाले, बाई, मीटर म्हणा, मीटर! अंगाचा तिळपापड झाला. मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, यंत्र खोटं बोलतंय हे कसं ओळखाल? मी सांगितलं, आधी शुद्ध पाणी ठेवून शून्य येतं का बघते, कुपीवर बोटांचे ठसे असतील तर पुसते. त्या बराच वेळ लिहीत होत्या. काल निकाल लागला. जागा मला मिळाली.
घरी येऊन रडले. आनंदानं नाही, ताई. हे काम मला अकरा वर्षांपूर्वीही येत होतं. आईबद्दल लिहिलं ते खोडत नाही. पण रविवारी ये. पुढचं इंग्रजी मला फोनवर नको, तुझ्यासमोर बसून शिकायचंय.
रागासकट लोभ असावा.
तुझी धाकटी