भुकेलं गवत

४ ऑक्टोबर १९१२

पोचले एकदाची. ओटावाहून आगगाडी, पुढे मालाकीची घोडागाडी, आणि रस्ता असा की उतरल्यावर हाडं जागेवर आहेत का ते चाचपून बघावं. पण मेपलची झाडं लालभडक झाली आहेत, मालाकी शेजारी बसून त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगत होता, आणि मी प्रत्येकीला नव्याने हसले. सत्ताविसाव्या वर्षी लग्न ठरलेली शाळामास्तरीण कशालाही हसते.

मालाकीचं, म्हणजे हेफर्ननांचं, घर म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन घरं. पुढचं पांढऱ्या फळ्यांचं, नवं. मागे ओंडक्यांची जुनी खोली. मालाकीचे आजोबा कॉर्नेलियस आयर्लंडहून आले, त्यांनी जंगल तोडून ती बांधली. तिथे आता स्वयंपाक होतो. ओंडक्यांमधल्या फटी अजून शेवाळ आणि चिकणमातीने लिंपलेल्या आहेत. बाहेरच्या दाराला कडी नाही, अडसर नाही. मी थट्टेने विचारलं, चोरांना आमंत्रण आहे का? मालाकी म्हणाला, अडसर आजोबांनीच काढून टाकला. या दारात आलेला माणूस बाहेर राहता कामा नये, असं ते म्हणत.

माणसं तीनच. मालाकी, त्याची आई म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, आणि थॅडीकाका, मालाकीच्या वडिलांचे थोरले भाऊ. सत्तरीला आलेत, लग्न केलं नाही, बोलतात मात्र चौघांचं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. जेवायला बटाट्यांचा डोंगर, खारवलेलं डुक्कर, ताक, सोड्याचा पाव, वर सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय'. पोट भरलं म्हटलं की सासूबाई आणखी वाढतात. दाराजवळच्या खुर्चीसमोर एक जास्तीचं ताट मांडलेलं होतं. कुणासाठी विचारलं, तर येईल त्याच्यासाठी, म्हणाल्या.

झोपायला जाताना त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात पावाचा तुकडा सरकवला. शेताकडे गेलीस तर खिशात असू दे, आणि वाटेत खायचा नाही, असं बजावलं. मला भरूनच आलं. बाबाही जन्मभर कोटाच्या खिशात पाव ठेवायचे. आम्ही मुली हसायचो त्यांना.

७ ऑक्टोबर

फादर क्विगलींना भेटून आलो. माणूस गोड, पण नियमाचा पक्का. हेफर्नन आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातले, माझ्या आईची माणसंही तिथलीच, तेव्हा दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून आणा म्हणाले. कुठे रक्ताचं नातं निघालं तर बिशपांची परवानगी लागेल. आणि हे सगळं नोव्हेंबर सरायच्या आत, कारण पुढे नाताळपूर्वीच्या व्रतात लग्नं लागत नाहीत.

आईकडचं सगळं मला पाठ आहे. अडचण बाबांची. आमचं आडनाव मार्तेल, पण बाबा फ्रेंच नव्हते. आयर्लंडच्या दुष्काळाच्या वर्षी, १८४७ च्या हिवाळ्यात, इथे कॅनडात मार्तेल नावाच्या लाकूडतोड्याला ते गोठलेल्या नदीच्या वाटेवर सापडले. चार वर्षांचं पोर, आयरिश बोलणारं, स्वतःच्या नावापलीकडे काही ठाऊक नसलेलं. मुठीत पावाचं वाळकं टोक होतं. चुलीपाशी बसवून शेकलं तरी म्हणे मूठ उघडेना. बाबा मर्टी मार्तेल झाले. एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असं ते नाव.

फादरांनी सांगितलं, जमेल तेवढं लिहा. मालाकी म्हणाला, तुझी पाटी कोरी आहे हे बरंच, नातं निघायची भीती नाही. मीही हसले. पण खरं सांगायचं तर मला लग्नाइतकीच हौस याची आहे. शाळेतल्या प्रत्येक पोराला कुणीतरी काका, कुणीतरी आत्या. बाबांच्या बाजूने मला कुणीही नाही.

९ ऑक्टोबर

थॅडीकाकांकडून हेफर्ननांची वंशावळ उतरवून घेतली. मजेचे आहेत. कुणाची गाय कुणाच्या कुंपणात गेली असल्यासारखं, खापरपणजोबांचं भांडणसुद्धा कालचं असल्यागत सांगतात. कुणाचं नाक वाकडं, कुणी धर्मगुरू व्हायला निघाला आणि लोहाराची मुलगी घेऊन आला, सगळं.

मग मी विचारलं, तुमच्या बाबांना, कॉर्नेलियसना, भाऊबहिणी किती? त्यांनी चिलीम खाली ठेवली. सासूबाईंना हाक मारून पाव मागितला आणि खिडकीकडे तोंड करून तो हळूहळू खाल्ला. 

१५ ऑक्टोबर

मालाकीबरोबर खालच्या शेतात गेले होते. वाटेत घोडीने नाक पुढे केलं म्हणून खिशातला पाव तिला दिला. प्राण्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलंच नाही.

शेताच्या कोपऱ्यात एक जुनं एल्मचं झाड आहे. चहूकडे कडाक्याच्या थंडीने गवत करपलंय, पण झाडाखाली घोंगडीएवढा तुकडा ताजा हिरवा. किती सुंदर, म्हणत मी त्यावर पाऊल टाकलं. मालाकी मागून काहीतरी ओरडला.

मग भूक लागली. असं लिहिणं हास्यास्पद आहे, पण दुसरा शब्द नाही. मी सकाळी तीन अंडी खाल्ली होती. तरी डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी हातांनी ते गवत उपटून तोंडात भरलं. मालाकीने उचलून घरी आणलं. सासूबाईंनी पाव चावून मऊ करून माझ्या तोंडात घातला, तेव्हा उतरली.

शुद्धीवर आले तर तिघं माझ्याकडे बघत होते. काळजीने नव्हे. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी चाळीस वर्षं त्या गवतावरून जातेय, मला कधी काही झालेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

१६ ऑक्टोबर

थॅडीकाकांनी मला आणि मालाकीला समोर बसवलं. त्यांचे पहिले शब्द जसेच्या तसे उतरवते.

"बाबा एक वर्ष आधी आले होते. त्यांचा धाकटा भाऊ डिनिस दुष्काळाच्या बोटीने आला. त्या साली बोटींतून माणसं कमी आणि ताप जास्त उतरत होता. त्याची बायको समुद्रातच गेली. पोराला पाठीवर घेऊन बर्फातून इथवर चालत आला आणि दार वाजवलं. बाबांनी अडसर लावला. आतून म्हणाले, 'डिनिस, गोठ्यात जा, सकाळी बघू.' पोरी, तेव्हा आमच्याकडे गोठाच नव्हता."

तापाची भीती होती आणि बटाटे घरच्यांपुरतेही नव्हते. काका तेव्हा चार वर्षांचे, भिंतीला लागून निजलेले. ओंडक्यांच्या फटीतलं शेवाळ कुणीतरी बाहेरून उकरत होतं. मग लहान बोटं आत आली. काकांनी आपल्या वाट्याचा पाव त्या बोटांत दिला. सकाळी डिनिस खालच्या शेतात एल्मखाली सापडला. तोंडात गवत होतं. पोर कुठेच नव्हतं, लांडग्यांनी नेलं असं सगळ्यांनी ठरवलं. वसंतात कॉर्नेलियसनी अडसर काढून चुलीत घातला, आणि त्याच वर्षी ते गवत हिरवं आलं. हेफर्नन रक्ताचा माणूस त्यावर पाय ठेवील तर त्याला भूक धरते. खिशात घरचा पाव असला की धरत नाही, धरली तर त्यानेच उतरते. परक्याला ते ओळखत नाही.

मी विचारलं, त्या पोराचं नाव काय? मला उत्तर ठाऊक होतं.

मर्टी, काका म्हणाले. मी त्यांना वाळक्या टोकाचं सांगितलं, न उघडणाऱ्या मुठीचं. ते माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. बाबा, तुम्हाला पाव देणारा हात मी आज धरला.

१८ ऑक्टोबर

वंशावळ पूर्ण झाली. डिनिस, मर्टी, मी. माझ्या हाताने माझी माणसं लिहिली. मालाकी आणि मी एका पणजोबांची. मालाकी म्हणतो, बिशप परवानगी देतात, अशी लग्नं होतात. कागद फादरांकडे गेला.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. आणि दुपारी, शेतात न जाता, खिडकीशी शिवत बसले असताना ती भूक पुन्हा लागली. पाव खाल्ला. उतरली नाही.

२४ ऑक्टोबर

सगळं खाते. घरातले हात थांबवून बघतात इतकं. तरी झगा कमरेला सैल होतो आहे. काकांना विचारलं, तुमची उतरते मग माझी का नाही? त्यांनी चिलीम साफ करायला घेतली. मग म्हणाले, "आमच्यावर डिनिसचा राग आहे, पोरी. तुझ्यावर हक्क आहे."

मी म्हटलं, मग मी शहरात परत जाते. मालाकी गाडी जोडायला तयार झाला. कुंपणापर्यंतही गेले नाही. पोटात अशी कळ आली की गाडीतून उडी टाकून स्वयंपाकघरात धावले. चुलीवरचं भांडं तसंच तोंडाला लावलं. ओठ भाजले आहेत. भाजल्याचं नंतर कळलं.

२ नोव्हेंबर

आज सर्व मृतात्म्यांचा दिवस. सासूबाईंनी दाराजवळच्या ताटात पहिला घास वाढला आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा मी त्या खुर्चीत होते. ताट रिकामं होतं. मी ते चाटत होते.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी जपमाळ उचलली आणि आपली खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

५ नोव्हेंबर

बेण्याचे बटाटे खाल्ले. कच्चे, मातीसकट. तळघरात कधी गेले आठवत नाही. मालाकीने हाताला धरून वर आणलं. पुढच्या वर्षी पेरायचं काय, असं सासूबाई त्याला हळू आवाजात विचारत होत्या. मी ऐकलं. त्याने तळघराचं दार लावून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मेणबत्त्या चरबीच्या असतात. हे मला आधी सुचलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

बर्फ. पहिलंच, आणि घोट्यापर्यंत.

गोठ्यात नवं वासरू आहे. उबेला म्हणून त्याच्या मानेत तोंड घातलं. मालाकीने मला ओढलं तेव्हा ते हंबरत होतं. त्याच्या मानेवर दात उमटलेत— माझे. एवढे खोल नाहीत. मालाकीने माझं तोंड पुसलं. 

मला भुकेची भीती वाटत नाही आता. मला माझी वाटते.

९ नोव्हेंबर

फादरांचा निरोप. बिशपांनी परवानगी दिली. महिनाअखेरीला लग्न लावू म्हणतात.

मी धावत मालाकीला सांगायला गेले. तो स्वयंपाकघराच्या दाराशी हातोडी घेऊन बसला होता. काय करतोस विचारलं. वाऱ्याने दार उघडतं, म्हणाला. तोंडात खिळे धरले होते, म्हणून जास्त बोलता येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

साठ वर्षांवर दार उघडंच होतं. वारा तेव्हाही होता.

१० नोव्हेंबर

ठरवलं आहे. डिनिसआजोबांनाच जाऊन सांगते. अख्खा पाव नेते, एल्मखाली ठेवते, त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणते. मर्टी जगला म्हणून सांगते. त्याला पाव मिळाला होता. त्याची मुलगी या घरात लग्न होऊन येते आहे, आत, दारातून. मग तरी त्यांचं मन—

वही बरोबर घेते आहे.

नंतर

पाव उरला नाही. वाटेतच— कुंपणही आलं नव्हतं. रिकामे हात घेऊन झाडाखाली उभी राहिले. बर्फात तेवढा तुकडा हिरवा. त्याच्या शेजारी दुसरा. लहान. आधी नव्हता. पायाच्या मापाचा. माझ्या पायाच्या—

परत जाते.

संध्याकाळ

दार उघडत नाही.

आत दिवा आहे. ताटल्यांचा आवाज येतो. हाक मारली. मालाकी दारापर्यंत आला, पावलं ऐकली. लाकडाला टेकून उभा असणार, श्वास ऐकू येत होता. म्हणाला,

"डिलिया, गोठ्यात जा. सकाळी बघू."

तो रडत होता. पण अडसर काढला नाही.

गोठ्यात वासरू आहे. म्हणूनच मी जात नाही— एवढं तरी अजून—

भिंतीशी बसले आहे. ओंडके आतल्या चुलीने किंचित कोमट आहेत. शेवाळाला धुराचा वास. बोटं उकरताहेत. मी नाही सांगितलं त्यांना.

आत थॅडीकाका बोलताहेत. आवाज किती बारीक झाला आहे, चार वर्षांच्या पोरासारखा. बाबा, बाहेर कुणीतरी आहे, म्हणताहेत. पुन्हा पुन्हा. सासूबाई त्यांना गप्प करताहेत.

फटीतून उजेड आला.

शेवाळ आतून कुणीतरी काढतंय. काका. नका. काका, या वेळी नका. मी लहान नाही, मी मर्टी नाही— ओरडतेय, आवाज निघत नाही, तोंडात पाणी—

बोटं बाहेर आली आहेत. म्हातारी, सुरकुतलेली, ऊबदार. पावाचा तुकडा धरला आहे.

वास येतोय. किती गोड. तो पावाचा ना—